रानातल्या बेडकांच्या आरोग्याची पाहणी: नमुने कसे घ्यावेत आणि निकाल कसे वाचावेत

१९९८ साली ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांत मरून पडलेल्या बेडकांच्या कातडीत एका बुरशीचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी तिला बॅट्रॅकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस हे नाव मिळाले. एवढे नाव जिभेला पेलत नाही म्हणून अभ्यासक तिला ‘बीडी’ किंवा नुसते ‘कायट्रिड’ म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे उभयचरांच्या किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० प्रजाती बहुधा कायमच्या नाहीशा झाल्या. बुरशी ओळखली जाण्याच्या कितीतरी आधी बेडूक घटू लागले होते. मात्र अनेक ठिकाणी रोगापूर्वीची स्थिती कोणी नोंदलेलीच नसल्यामुळे हानी केव्हा आणि कोठून सुरू झाली, हे मागाहून जुळवत बसावे लागले.

पश्चिम घाटात ही बुरशी असल्याचे २०११ मध्ये केरळातील एका बेडकाच्या नमुन्यावरून प्रथम नोंदवले गेले. त्यानंतरच्या अभ्यासांत, विशेषतः हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या पेशी व रेणू जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या ‘लॅकोन्स’ या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, असे दिसले की भारतात या बुरशीचे जनुकीय वैविध्य मोठे आहे, पण लागण झालेल्या बेडकांचे प्रमाण कमी आहे. आपल्याकडे तिने बेडकांचा सामूहिक मृत्यू घडवल्याचे दिसलेले नाही. याचा अर्थ आपल्याला पाहणीची गरज नाही असा काढणे चुकीचे ठरेल. आज बेडूक धडधाकट आहेत, तोवरच धडधाकटपणाची मोजपट्टी तयार करून ठेवता येते. उद्या बुरशीचा परका आणि अधिक घातक वाण आला, तर त्याच मोजपट्टीवर बदल दिसेल. म्हणून पुढची सारी पद्धत ‘आजारी बेडूक शोधणे’ या हेतूने नव्हे, तर ‘त्याच जागी, त्याच रीतीने, दरवर्षी’ नोंद घेणे या हेतूने मांडली आहे. उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातील आंबोली आणि आसपासचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, डोळ्यांसमोर ठेवले आहेत. कोयना, महाबळेश्वर किंवा गोव्यातील सत्तरीच्या बाजूला काम करणाऱ्यांना थोड्याफार फरकाने हीच पद्धत उपयोगी पडेल.

परवानगी

बेडूक हातात घेणे, त्याचा स्वॅब (कातडीवर काडी फिरवून नमुना) घेणे किंवा मेलेला बेडूक उचलून नेणे, ही कामे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संशोधनासाठीची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव संरक्षक देतात. अर्जात प्रजाती, जागा, नमुन्यांची संख्या, हाताळणीची पद्धत आणि नमुने तपासणारी प्रयोगशाळा स्पष्ट लिहावी. ‘आवश्यकतेनुसार’ असे मोघम शब्द घातलेला अर्ज हमखास परत येतो. परवानगी मिळाल्यावर त्या भागाच्या वनक्षेत्रपालांना प्रत्यक्ष भेटून कोणत्या रात्री कोठे जाणार ते सांगावे, कारण रात्री अकरा वाजता ओढ्यात बॅटऱ्या चमकताना दिसल्यावर गावकरी आणि वनरक्षक दोघांनाही शंका येणे स्वाभाविक आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवावे. आंबोलीतील हिरण्यकेशीचा परिसर तेथील माशाच्या एका प्रजातीसाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला आहे. अशा ठिकाणी पाण्यात पाय घालण्यापूर्वी वेगळी विचारणा करावी. नमुने तपासणीसाठी परदेशी पाठवायचे असतील, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. भारतात सक्षम प्रयोगशाळा असताना त्या फंदात सहसा पडू नये.

जागा, हंगाम आणि संख्या

एकाच तालुक्यात तीन-चार भिन्न प्रकारच्या जागा निवडाव्यात: सड्यावरची पावसाळी डबकी, बारमाही ओहोळ, भातखाचरे आणि रस्त्यालगतची गटारे किंवा टाकी. प्रत्येक ठिकाणचे बेडूक वेगळे असतात आणि त्यांचा रोगाशी येणारा संबंधही वेगळा असतो. आंबोलीचा अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक, ज्याचे वर्णन २००९ मध्ये झाले, पहिल्या जोरदार सरींनंतर सड्यावरच्या ओंजळभर पाण्यात काही दिवसांतच आपला विणीचा हंगाम उरकतो. त्याच्या नोंदीची संधी जूनमध्ये हुकली की वर्षभर थांबावे लागते. ओहोळातले रातबेडूक मात्र पाण्याला चिकटून राहतात, त्यामुळे पावसाळा ओसरल्यावरही त्यांची पाहणी शक्य असते.

हंगामाचा प्रश्न बुरशीच्या स्वभावाशी जोडलेला आहे. ही बुरशी साधारण १७ ते २५ अंश सेल्सियस तापमानात जोमाने वाढते आणि ३० अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते. मे महिन्यातील कोकणपट्टीचा उकाडा तिला मानवत नाही, पण पावसाळ्यातले घाटमाथ्याचे तापमान तिला हवे तसेच असते आणि डिसेंबर-जानेवारीतले सावलीतले ओहोळही तिला पोषक ठरतात. म्हणून वर्षातून निदान दोन फेऱ्या कराव्यात: एक जून-जुलैमध्ये आणि दुसरी पावसाळा संपल्यानंतरच्या थंडीत. आणखी एक फेरी शक्य असेल, तर ती सप्टेंबरमध्ये, शेपटी अंगात जिरून नुकतीच जमिनीवर आलेली पिल्ले पाहण्यासाठी करावी. कारण बुरशी केराटिन, म्हणजे कातडी टणक करणारे प्रथिन, असलेल्या पेशींत वाढते. शेपटीवाल्या पिल्लांत, ज्यांना आपण भैकेर म्हणतो, ते फक्त तोंडाच्या भागात असते, आणि रूपांतर होताना सर्वांगाच्या कातडीत येते. लागण झालेली पिल्ले याच टप्प्यावर सर्वाधिक दगावतात.

किती बेडूक तपासावेत, याचे उत्तर ‘जमेल तितके’ असे असू नये. एखाद्या मोठ्या समूहात शंभरांपैकी पाच बेडकांना लागण असेल, तर त्यांपैकी निदान एक तरी आपल्या नमुन्यात यावा याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ५९ बेडूक तपासावे लागतात. लागण दहा टक्के असेल तर २९ पुरतात आणि एक टक्का असेल तर सुमारे ३०० लागतात. हा हिशेब चाचणी अचूक आहे असे गृहीत धरून केलेला आहे, म्हणजे प्रत्यक्षात थोडे जास्तच घ्यावेत. सहा प्रजातींचे दहा-दहा बेडूक तपासून ‘साठ नमुने निगेटिव्ह’ असे लिहिणाऱ्या अहवालातून कोणत्याही एका प्रजातीविषयी फारसे काही कळत नाही. एका जागेवर एक-दोन विपुल आढळणाऱ्या प्रजाती ठरवून त्यांचेच ६० नमुने घेणे जास्त शहाणपणाचे आहे. दुर्मीळ प्रजातीच्या बाबतीत संख्या आपोआप कमी राहते; तेथे बेडकांच्या मागे लागू नये.

रोग आपणच पसरवू नये

या कामातला सर्वांत मोठा धोका सांगायला लाजिरवाणा आहे: एका ओढ्यातला चिखल दुसऱ्या ओढ्यात नेणारा माणूस बऱ्याचदा बेडकांचा अभ्यासकच असतो. म्हणून शुद्धीकरण हे कामाच्या शेवटी उरकायचे नसून, एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना प्रत्येक वेळी करायचे असते.

आधी घासणे, मग औषध, हा क्रम पक्का ठेवावा. गमबुटांच्या तळाच्या खाचांत अडकलेला जांभ्याचा चिखल ताठ ब्रशने आणि साध्या पाण्याने पूर्ण काढल्याशिवाय कोणतेही जंतुनाशक आतपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर गमबूट, जाळी, बादल्या आणि काठ्या यांवर व्हिरकॉन या जंतुनाशकाचे १ टक्का द्रावण फवारून निदान एक मिनिट ओले राहू द्यावे. हे प्रमाण कायट्रिडला पुरून उरते आणि बेडकांना मारणाऱ्या रानाविषाणूंनाही पुरेसे ठरते. व्हिरकॉन मिळाले नाही, तर कायट्रिडसाठी घरगुती ब्लीच चालते. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण ४ टक्के असेल, तर एक भाग ब्लीचमध्ये तीन भाग पाणी घालून १ टक्क्याचे द्रावण करावे आणि तेही एक मिनिट राहू द्यावे. कॅलिपर, कात्री, काटा यांसारखी छोटी साधने ७० टक्के इथेनॉलने पुसावीत. यांपैकी कोणतेही द्रावण ओढ्याच्या काठावर ओतू नये, कारण ब्लीचचा थोडासा अंश भैकेरांना मारतो. गाडीजवळ, पाण्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला हे काम करावे आणि उरलेले द्रावण बंद कॅनमधून परत आणावे. ही बुरशी कोरडेपणा सोसू शकत नाही, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. पण ऐन पावसाळ्यात काहीच कोरडे होत नाही, त्यामुळे वाळवण्यावर भिस्त ठेवू नये. शक्य असल्यास प्रत्येक जागेसाठी गमबुटांचा वेगळा जोड ठेवावा.

दिवसाचा क्रमही ठरवून घ्यावा. ओहोळावर काम करताना खालून वर न जाता वरच्या अंगाने सुरुवात करून प्रवाहाबरोबर उतरावे, आणि जेथे रोगाची शंका आहे ती जागा सर्वांत शेवटी घ्यावी.

रानात उतरताना

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने काम सुरू करावे. प्रत्येक जागेवर १०० मीटर लांबीची पट्टी दोऱ्याने किंवा खुणेने पक्की करून, तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरपर्यंत दिसणारे आणि ओरडणारे बेडूक आधी फक्त मोजावेत. पकडण्याचे काम मोजणीनंतर करावे, नाहीतर संख्या बिघडते. सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, हवेचे आणि पाण्याचे तापमान, आर्द्रता, पाण्याचा सामू, मागच्या चोवीस तासांतला पाऊस, जीपीएस नोंद आणि पाहणाऱ्यांची संख्या त्याच पानावर लिहावी. नोंदी शिसपेन्सिलीने लिहाव्यात. पाऊस आणि अल्कोहोल या दोहोंपुढे बहुतेक शाई टिकत नाही, अगदी ‘परमनंट’ लिहिलेले बहुतेक मार्करसुद्धा.

जळवांसाठी पायांना तंबाखू-चुना, मीठ किंवा डासांचे मलम चोळून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. ते पायांपुरते ठेवावे. बेडकाची कातडी श्वासही घेते आणि पाणीही शोषते. मलमाचा, सॅनिटायझरचा किंवा तंबाखूचा हात तिला लागणे म्हणजे ज्याचे आरोग्य तपासायचे त्यालाच विष लावणे होय. दगड उलटताना आणि फांदीला हात घालण्यापूर्वी बॅटरीचा झोत आधी फिरवावा. सड्यावर फुरसे आणि ओढ्याकाठच्या झुडपांत चापडा हे विषारी साप याच वेळी भक्ष्याच्या शोधात असतात.

पकडताना दर बेडकामागे नवे, पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे वापरावेत आणि ते घातल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून घ्यावेत. झुडपी बेडूक दोन-तीन सेंटिमीटरचाच असतो. त्याला बोटांत धरण्यापेक्षा नवी प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी घालून बेडकावर टाकावी आणि ती सुलटी करून त्याला आत घ्यावे. एका पिशवीत एकच बेडूक, आणि वापरलेली पिशवी दुसऱ्याला कधीही नाही. मोठ्या बेडकाला कमरेच्या मागे, मांड्या सरळ करून धरावे. पोटावर दाब देऊ नये. नर-मादी जोडीने असतील, मादी अंड्यांनी फुगलेली असेल किंवा नर फेसाच्या घरट्याजवळ असेल, तर त्यांना हात लावू नये. बेडूक सापडला त्या जागेवर दोरा किंवा क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, म्हणजे काम झाल्यावर त्याला तेथेच सोडता येते.

अंगावरची तपासणी

हातात घेण्यापूर्वीचे निरीक्षण सर्वांत मोलाचे असते आणि नेमके तेच घाईत राहून जाते. बॅटरीचा झोत पडल्यावर बेडूक उडी मारतो का, की जागीच बसून राहतो? मागचे पाय अंगाखाली घेऊन बसला आहे, की ते बाजूला पसरलेले आहेत? रात्रीचा बेडूक भर दिवसा उघड्यावर दिसला का? कायट्रिडच्या तीव्र लागणीत कातडीतून होणारी सोडियम आणि पोटॅशियमची देवघेव बिघडते आणि शेवटी हृदय थांबते. त्याआधी सुस्ती, वेडेवाकडे बसणे, कातडीचे पापुद्रे वारंवार निघणे आणि पोटाकडची लाली ही लक्षणे दिसू शकतात. शंका वाटल्यास बेडकाला हलकेच उताणे करावे. निरोगी बेडूक तत्काळ पालथा होतो, आजाऱ्याला वेळ लागतो किंवा जमतच नाही. पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके आणि अंगाला सूज दिसल्यास रानाविषाणूचा संशय धरावा. यांपैकी कोणतेही लक्षण एकट्याने निदान करत नाही, आणि बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या बेडकाच्या कातडीतही बुरशी असू शकते. म्हणूनच स्वॅब लागतो.

पुढे डोळे, तोंड, चारही पाय आणि बोटे क्रमाने पाहावीत. बोट कमी असणे, जास्तीचा पाय, न उघडणारा डोळा, गाठी, जखमा, त्वचेखालचे परजीवी, जे असेल ते फोटोसह नोंदवावे. शेतीलगतच्या बेडकांत अशी व्यंगे मध्य पश्चिम घाटात नोंदली गेली आहेत आणि कीटकनाशकांकडे बोट दाखवले जाते. परंतु साप किंवा खेकड्याने तोडलेले बोट आणि जन्मजात नसलेले बोट यांत गल्लत होऊ नये म्हणून जखमेचा व्रण आहे की नाही, हे स्वतंत्र रकान्यात लिहावे. बोटे कापून खूण करण्याची जुनी पद्धत टाळावी. पाठीचा सरळ वरून काढलेला फोटो पट्ट्यांच्या किंवा ठिपक्यांच्या रचनेवरून तोच बेडूक पुन्हा ओळखायला बहुतेकदा पुरतो.

थुतरीच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजावी आणि वजन शेवटी करावे, कारण पकडल्यावर बेडूक मूत्र सोडतो आणि त्याचे वजन बदलते. दोन ग्रॅमच्या बेडकाचे वजन ०.१ ग्रॅमने चुकले तर चूक पाच टक्क्यांची होते, म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनार वापरतात तसा खिशातला काटा घ्यावा आणि तो उघड्यावर न ठेवता प्लास्टिकच्या डब्यात ठेवून वापरावा, नाहीतर वाऱ्याच्या झुळकेने आकडे नाचत राहतात. लांबीच्या मानाने वजन घटत चालले आहे का, हा निर्देशांक वर्षानुवर्षे पाहिला तर रोगाची चाहूल देऊ शकतो, आणि त्याला प्रयोगशाळेचा खर्चही नसतो.

स्वॅब

करोनाच्या काळात स्वॅब हा शब्द घरोघरी पोहोचला. येथेही तत्त्व तेच आहे, मात्र काडी बारीक टोकाची, कोरडी आणि रेयॉनची असावी. औषधाच्या दुकानातला कापसाचा बोळा चालत नाही.

बेडकाच्या अंगावर चिखल असल्यास आधी बाटलीबंद पाण्याने त्याला धुवावे. ही पायरी अनेकजण गाळतात आणि मग प्रयोगशाळेत नमुना ‘निगेटिव्ह’ येतो, कारण मातीतले घटक चाचणीची रासायनिक क्रियाच रोखतात. ओढ्याचे पाणी धुण्यासाठी वापरू नये. त्यातल्या बीजाणूंमुळे बेडकाचा निकाल आणि पाण्याचा निकाल वेगळा करता येत नाही.

काडीचे पाकीट बेडूक हातात घेतल्यावरच फाडावे. काडी अंगठा आणि तर्जनीत धरून सतत फिरवत, मध्यम दाबाने, पोटाच्या मधोमध पाच वेळा, डाव्या बाजूला पाच वेळा, उजव्या बाजूला पाच वेळा, प्रत्येक मांडीच्या आतल्या बाजूस पाच वेळा आणि प्रत्येक मागच्या पावलाच्या तळव्यावर व पडद्यावर पाच वेळा ओढावी. म्हणजे एकूण ३५ फटके होतात. पाठीवर काडी फिरवण्यात अर्थ नाही. बुरशी मुख्यतः ओल्या जमिनीला आणि पाण्याला टेकणाऱ्या कातडीत असते. संख्या तीस असावी की पस्तीस, यावर वाद घालण्यापेक्षा जी ठरवली ती दर बेडकाला, दरवर्षी आणि चमूतील प्रत्येकाने तंतोतंत पाळणे महत्त्वाचे आहे, कारण फटके बदलले की सापडणाऱ्या बुरशीचे प्रमाणही बदलते आणि दोन वर्षांची तुलना फोल ठरते. काडीचे टोक नळीत घालून, नळीच्या कडेवर दाबून मोडावे, हाताला किंवा पिशवीला टोक लागू देऊ नये. सरावाने पकडण्यापासून सोडण्यापर्यंतचे सारे काम तीन मिनिटांत बसते. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर चमूत एकाने धरणे, एकाने फटके देणे आणि एकाने लिहिणे अशी वाटणी करावी. लिहिणाऱ्याच्या हातांना बेडूक लागू नये.

भैकेरांच्या बाबतीत तोंडाच्या काळ्या दंतपंक्तींवरून काडी हळुवार फिरवावी. तेथला काळा रंग उडालेला दिसल्यास त्याची नोंद करावी, तो लागणीचा इशारा असू शकतो. लॅटेक्स, व्हिनाइल किंवा नायट्राइल, कोणत्याही हातमोज्याचा अंश भैकेरांना घातक ठरू शकतो. त्यामुळे त्यांना नव्या, धुतलेल्या पिशवीतच हाताळावे.

प्रत्येक रात्री एक काडी पाकिटातून काढून, हवेत फिरवून, बेडकाला न लावताच नळीत बंद करावी. हा कोरा नमुना पुढे ‘पॉझिटिव्ह’ आला, तर त्या रात्रीचे सगळे निकाल संशयास्पद ठरतात. या एका चाचणीचा खर्च वाचवण्याचा मोह टाळावा.

नळीवर आणि नोंदवहीत एकच क्रमांक हवा. त्यात जागेची अक्षरे, तारीख आणि अनुक्रम एवढेच असावे, प्रजातीचे नाव असू नये, कारण रात्री ओळखलेली प्रजाती दिवसा बदलू शकते. नळ्या बर्फाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेला नमुना निकामी झाला असे समजावे. मुक्कामी पोहोचल्यावर नळ्या डीप फ्रीझरमध्ये, शक्यतो उणे २० अंशांवर ठेवाव्यात. मुक्कामाच्या ठिकाणी वारंवार वीज जात असेल, जे आंबोलीच्या पावसात नवलाचे नाही, तर काड्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवणे श्रेयस्कर. मात्र मग सगळ्याच नळ्यांना तीच पद्धत लावावी.

मेलेला बेडूक सापडल्यास

गाडीखाली चिरडलेला आणि आजाराने मेलेला यांत फरक करावा. रस्त्यापासून दूर, अंगावर जखम नसलेला मृत बेडूक दिसला, आणि विशेषतः एकाच रात्री एकाहून अधिक दिसले, तर बाकीची पाहणी थांबवून याकडे लक्ष द्यावे. आधी जागेवरच वरून व खालून फोटो काढावेत, मग स्वॅब घ्यावा. बेडकाचे शव पावसाळ्यात काही तासांत कुजते, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो. परवानगीत तरतूद असल्यास दोन शवांपैकी एक पोटाला चीर देऊन १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, ऊतींच्या तपासणीसाठी, आणि दुसरे इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी ठेवावे. एकच शव असेल, तर पायाचे एक बोट व यकृताचा तुकडा इथेनॉलमध्ये आणि उरलेले शव फॉर्मलिनमध्ये ठेवावे. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या ऊतीतून डीएनए काढणे फार अवघड होते, आणि गोठवलेल्या शवाच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे एकाच पद्धतीवर विसंबू नये. त्याच रात्री वन विभागाला कळवावे.

निकाल वाचताना

प्रयोगशाळेकडे नमुने सोपवताना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात. प्रत्येक नमुना किती वेळा चालवणार? चाचणी अडखळली की नाही हे दाखवणारा अंतर्गत नियंत्रण नमुना वापरणार का? आणि आशियातील वाण त्या चाचणीत नीट पकडले जातात, याची पडताळणी त्यांनी केली आहे का? तिसरा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. प्रचलित क्यूपीसीआर चाचणी (नमुन्यातला बुरशीचा डीएनए मोजणारी) २००४ मध्ये परदेशी वाणांवर बेतली गेली. येथल्या वाणांत त्या जनुकीय भागाचे वैविध्य मोठे असल्यामुळे कमी प्रमाणातली लागण तिच्या हातून निसटण्याची शक्यता असते.

निकाल ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच न मागता बीजाणूंच्या अंदाजित संख्येसह मागावा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील बेडकांत ही संख्या सुमारे १०,००० च्या वर गेली की मृत्यू सुरू होतात, असे २०१० मध्ये दाखवले गेले. हा आकडा तेथल्या बेडकांचा आहे; तो उचलून आपल्या रातबेडकांना लावू नये. आपल्याला पाहायचे असते ते हे की गेल्या तीन-चार वर्षांत दहा-वीसच्या घरात असलेला आकडा यंदा अचानक शेकड्यांत किंवा हजारांत गेला का, आणि त्याच वेळी मोजणीत बेडूक कमी भरले का, त्यांचे वजन घटले का, पिल्ले नेहमीसारखी बाहेर आली का.

सगळे नमुने निगेटिव्ह आले, तरी ‘येथे रोग नाही’ असे लिहू नये. ३० पैकी ३० निगेटिव्ह म्हणजे ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की लागण सुमारे दहा टक्क्यांहून कमी असावी; ६० पैकी ६० निगेटिव्ह असतील तर ती मर्यादा पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. ढोबळ हिशेबासाठी तीनाला नमुन्यांच्या संख्येने भागावे. अहवालात हा आकडा, प्रजातीनिहाय, कोष्टकातच द्यावा. निगेटिव्ह निकालांचे तक्ते कंटाळवाणे वाटतात म्हणून परिशिष्टात ढकलले जातात आणि पुढे हरवतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात पुढच्या अभ्यासकाला सर्वांत आधी तेच लागणार असतात.

काढलेला डीएनए संपवू नये. प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग उणे ८० अंशांवर जपण्याची लेखी हमी प्रयोगशाळेकडून घ्यावी, कारण दहा वर्षांनी एखादा नवा विषाणू किंवा बुरशी सापडली, तर तो आंबोलीत आधीपासून होता का, हे याच नळ्यांतून तपासता येईल. मूळ नोंदवह्यांच्या स्कॅन प्रती, कोष्टके आणि फोटो वन विभागाकडे व गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जमा कराव्यात. समितीला देताना सोबत मराठीत दोन पानांचा सारांश द्यावा आणि त्यात मेलेले बेडूक दिसल्यास कोणाला फोन करायचा, फोटो कसा काढायचा आणि शवाला उघडा हात का लावू नये, एवढे ठळक अक्षरांत छापावे.